टोपीला आभाळ

"हे ऐकायचं यंत्र आहे," मगदूम अण्णा म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा माझ्या काउंटरवर ठेवला.

डबा जुना, पितळी, झाकणावर मोर कोरलेला. झाकणाच्या फटीतून एक काळी वायर बाहेर आली होती आणि तिचं दुसरं टोक अण्णांच्या उजव्या कानात होतं.

"कुणाला ऐकायचं?" मी विचारलं.

"मला. घरात तसं सांगितलंय. तुला कुणी विचारलं तर तूही तसंच सांगायचं."

"आणि खरं काय आहे?"

अण्णांनी दुकानभर नजर फिरवली. सीटकव्हरं होती, पायपुसणी होती, स्टिअरिंगच्या गवसण्या होत्या. माणूस म्हणाल तर मी एकटी. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"वाट सांगायचं यंत्र. आमच्या पोरानं, अभिनंदननं, पुण्याहून पाठवलंय. उपग्रहाकडनं विचारून घेतं आणि कानात सांगतं म्हणे. आठवडा झाला, माझ्या कानात एक शब्द आलेला नाही. पडद्यावर सारखं आपलं शोधतोय, शोधतोय. काय शोधतंय, देव जाणे."

सांगलीत विश्रामबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाडी सजवण्याचं दुकान. बाहेरची कामं नवरा बघायचा, दुकान माझ्याकडे. फोन वाटा सांगायला लागायच्या आधीचे दिवस ते. वाट सांगणारं यंत्र गाडीत असणं म्हणजे दारात हत्ती झुलण्यासारखं होतं. ज्यांनी ते घेतलं ते काचेच्या मधोमध चिकटवायचे, चौकात गाडी थांबली की शेजारच्या रिक्षावाल्याला दिसावं म्हणून उगाच बोट लावायचे. विकत घेऊन लपवणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते.

बाकी अण्णांचं खातं माझ्याकडे जुनं. सबंध नोकरी त्यांनी मोजणी खात्यात काढलेली. साखळी आणि दुर्बीण घेऊन जिल्हाभर हिंडलेला माणूस. कुठल्या गावात कुणाचा बांध कुणी किती सरकवला ते तोंडपाठ. जमेच्या बाजूला सचोटी, टापटीप, वेळेवर येणं. नावे एकच गोष्ट: हा माणूस कधी कुणाला वाट विचारत नसे. चुकला तरी नाही. चुकलोय असं दिसलं की गाडीचा वेग वाढवत असे. मी एकदा चिडवलं होतं तेव्हा म्हणाले होते, "मोजणीदारच वाट विचारायला लागला, तर लोकांनी बांध कुणाच्या भरवशावर घालायचा?"

"अण्णा," मी म्हटलं, "डबा उघडा आधी."

त्यांनी उघडला. एका कप्प्यात चुना, एकात सुपारी, आणि पानांच्या जागी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ते यंत्र.

"फडकं ओलं कशाला?"

"तापतं ते."

"आणि डब्यात कशाला?"

"पद्मा पानाच्या डब्याला हात लावत नाही. लग्न झाल्यापासून नाही. घरात त्याच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही."

मी हसायला लागले. अण्णा मात्र हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

"हसू नको, शैला. परवा नंदीगट्टीच्या जैन मंदिरात पंचकल्याणक पूजा आहे. हिचं आजोळ ते. गेल्या वर्षी तिथंच एका पूजेला निघालो होतो. कागवाड सोडलं आणि पुढं सगळ्या पाट्या कन्नडमध्ये. ऊस इतका वाढलेला की दोन्ही बाजूंनी भिंती. फिरलो, फिरलो. दिवस मावळला."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. पद्माक्काचा नेम आमच्या आळीत सगळ्यांना माहीत होता. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. त्यात असल्या दिवशी तिचं एकासन असायचं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, आणि ते पूजेच्या ठिकाणी पोचल्यावर. ते चुकलं म्हणजे थेट दुसऱ्या दिवशी.

"पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या," अण्णा म्हणाले. "सगळ्यांनी आग्रह केला. ही म्हणाली, भूक नाही. मला एक शब्द बोलली नाही बघ. रस्ताभर नाही, घरी आल्यावर नाही. आजतागायत नाही. बोलली असती तर मी उलट बोललो असतो आणि मिटलं असतं."

"मग आता सरळ समोर लावा की यंत्र. त्यांनाही बरं वाटेल."

"म्हणजे गेल्या वर्षी मी चुकलो होतो, असं होईल."

"चुकला नव्हता?"

"चुकलो होतो. पण तसं *होईल*."

लोक बहिरा म्हणाले तर या माणसाला चालणार होतं, वाट चुकणारा म्हणालेलं चालणार नव्हतं. मी डबा बंद करून त्यांच्याकडे सरकवला आणि यंत्र हातात ठेवलं.

"हे बघा अण्णा. उपग्रह आहेत वर आभाळात. ते कुणाच्या पानाच्या डब्यात वाकून बघत नाहीत. धातूच्या आत सिग्नल येत नाही. तुम्ही त्याला पितळेच्या कोठडीत घालून वाट विचारताय."

"मग डबा लाकडाचा करून आणू?"

"डबा नको. आभाळ पाहिजे. गाडी दाखवा."

गाडी लिंबाच्या झाडाखाली लावलेली होती. ती आधी मी उन्हात घ्यायला लावली. दाट झाडाखाली, पत्र्याच्या शेडखाली, दोन उंच इमारतींच्या बोळात यंत्राला सुरुवातीलाच उपग्रह सापडत नाहीत; उघड्यावर उभं राहायचं, गाडी हलवायची नाही, त्याला त्याचा वेळ घेऊ द्यायचा. मी यंत्र समोरच्या काचेशी धरलं. पडदा तसाच. बोट फिरवून काच बघितली तर चंदेरी चकाकी.

"ही फिल्म कुठं बसवलीत?"

"कोल्हापूरला. उन्हाची तिरीप येत नाही. मस्त आहे."

"मस्तच आहे. हिच्यात धातू आहे. ऊन येत नाही तसा सिग्नलही येत नाही. चाकांवर चालणारा पानाचा डबाच केलाय तुम्ही."

बाजूच्या काचांना तीच फिल्म. मागची काच मात्र स्वच्छ.

"मागची फिल्म कुठं गेली?"

"तिला फुगे आले होते. पद्मानं दिवाळीच्या सफाईत उलथण्यानं खरवडून काढली. मी बोललो तिला तेव्हा."

"आता आभार माना त्यांचे. मनातल्या मनात माना, मोठ्यानं जमायचं नाही तुम्हाला."

मागच्या सीटच्या वर, काचेखालच्या फळीवर, अण्णांची मोजणीतली सोला टोपी पडलेली असायची. भेंडाची, खाकी, नोकरी सुटल्यापासून तिथंच. मी यंत्र फळीवर ठेवलं आणि त्यावर टोपी घातली. भेंडातून आणि कापडातून सिग्नलला आडकाठी नाही. वायर मागच्या दाराच्या रबरात दाबत पुढे आणली आणि अण्णांच्या उजव्या कानाशी सोडली. अक्का डावीकडे बसणार; तिला वायर दिसली तरी ती श्रवणयंत्राची.

आम्ही दोघं गाडीत बसून वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं अण्णा एकदम ताठ झाले.

"बोलली," ते कुजबुजले.

"काय म्हणाली?"

"इंग्रजीत बोलतीया. सरळ जा म्हणतीया. आवाज गोड आहे गं."

मला माझ्या कामाचा अभिमान होता, तो मी लपवला नाही. अण्णांनीही लगेच त्याची वसुली केली. "परवा तू चल बरोबर. मधेच आजारी पडलं तर? पद्माला सांगतो, शैलाला पूजा बघायचीय."

पूजेच्या दिवशी निघायला उशीर झाला, आणि तो यंत्रामुळेच. अण्णांनी गाडी अंगणातून काढून समोरच्या मोकळ्या मैदानात नेली आणि कानातली बाई बोलेपर्यंत आत बसून राहिले. अक्का दारात उभी. हिरवं काठापदराचं लुगडं, हातात जपमाळ, कडेला कापडात बांधलेल्या शेंगापोळ्या आणि पूजेची भली मोठी पितळी परात.

"काय करतायत गं हे?" तिनं मला विचारलं.

"इंजिन तापवतायत, अक्का."

"एवढ्या उन्हात?" ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

म्हैसाळपर्यंत प्रवास झोकात झाला. अक्का पुढे डावीकडे. गाडीत बसली की तिचे डोळे मिटायचे आणि माळ सुरू व्हायची. अण्णा सांगायचे की हिला सांगलीतून मिरजेला नेलं काय आणि मद्रासला नेलं काय, सारखंच. मी मागे. माझ्या डोक्यामागे टोपी, टोपीखाली यंत्र, वर मोकळी काच आणि काचेवर निरभ्र आभाळ. अण्णा शीळ घालत होते. वळण येण्याच्या बरंच आधी हात बाहेर काढत होते. एवढंच नाही, तर भूगोलही सांगत होते.

"आता पुढं डावीकडं एक रस्ता फुटतो बघ," ते म्हणायचे, आणि फुटायचा.

"अण्णा, कमाल आहे हं," मी म्हणायचे.

"मोजणीदाराचा डोळा आहे. विसरत नाही."

अक्का म्हणाली, "गेल्या साली कुठं गेला होता डोळा?"

म्हणजे असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती काहीच म्हणाली नाही. तिच्या अंगठ्याखालचा मणी तेवढा पुढे सरकला.

मी हळूच म्हटलं, "अक्का, अण्णांना ऐकायला कसं येतं आता?"

"लावल्यापासनं आणखी बहिरे झालेत," ती डोळे न उघडता म्हणाली. "आधी एका हाकेला ओ द्यायचे. आता दोन लागतात."

अण्णांना हे ऐकू आलं की नाही, कळलं नाही. त्यांच्या कानात दुसरी बाई बोलत होती.

कागवाड मागे पडलं. पाट्यांवरची अक्षरं बदलली, रस्ता अरुंद झाला, दोन्ही अंगांना ऊस आला. अण्णांची शीळ थोडी बारीक झाली, पण थांबली नाही. अक्कानं पायाशी चुळबुळ केली.

"शैला, ही परात पायात लागतीया गं. मागं घे."

मी घेतली. जड होती. सीटवर पोळ्यांचं गाठोडं होतं.

"फळीवर ठेव. त्या टोपीवर पालथी घाल. ऊन लागून लागून विटलीया ती."

मी घातली. सांगितलेलं काम मी हातासरशी करते, ही माझी जुनी सवय. टोपी परातीखाली पार दिसेनाशी झाली. परात फळीवर अशी चपखल बसली की जणू तिच्या मापानंच फळी केली होती.

थोडं अंतर गेलं असेल. शीळ थांबली. अण्णांनी कानातलं बोंडूक दाबलं. मग काढून परत घातलं. गाडीचा वेग वाढला, आणि तो वाढला म्हणजे काय झालं हे मला ठाऊक होतं.

"शैला," ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "माझं ऐकायचं यंत्र गप्प झालं वाटतं. मागं बघ जरा. वायर-बियर."

मी वळले आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. पितळ! पानाच्या डब्यावरून ज्या माणसाची मी खिल्ली उडवली होती, त्याच्या यंत्रावर मी माझ्या हातानं त्याहून मोठं झाकण घातलं होतं. मी परातीच्या काठाला हात घातला.

"परात राहू दे, शैला," अक्का म्हणाली.

मी पुढे बघितलं. तिनं मान वळवली नव्हती. डोळे मिटलेले. माळ चाललेली.

"अक्का, जरा सरकवते फक्त."

"नको. कलंडंल. राहू दे."

आवाज अगदी मऊ. पण माझ्या दुकानात बसून बसून मला आवाज तोलता येतात. हा आवाज परातीबद्दल बोलत नव्हता.

मी हात मागे घेतला. गाडी एक आणि गिऱ्हाइकं दोन, अशी पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. यंत्र अण्णांचं होतं, कबूल. पण त्या दिवशी रिकामं पोट अक्काचं होतं. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि उसाच्या तुऱ्यांवर दिवस कासराभर उरला होता. जी आपल्याच जेवणावर डाव लावून बसली आहे, तिचा शब्द वरचढ, असा मी निकाल दिला.

"वायर ठीक आहे, अण्णा," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय माहीत."

आरशातून त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मला अजून आठवतं. बसवणाऱ्याची हमी बसवल्या जागीच संपते, असं मी तोंडावर लिहून ठेवलं.

पुढे तिठा आला. तिथं तीन वाटा फुटत होत्या आणि मधोमध एक पाटी, तीही कन्नड. गेल्या वर्षी चुकलेला तिठा हाच असावा, कारण अण्णांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मग खाली उतरले. कमरेवर हात ठेवून सूर्याकडे बघितलं, सावलीकडे बघितलं, मोजणीला आल्यासारखी तीनही रस्त्यांची तोंडं पावलांनी मापली. उसातून एक म्हातारा शेळ्या हाकत आला. तो अण्णांपुढे थांबला. बिचारा विचारण्याचीच वाट बघत होता. तिठ्यावर मोटार थांबवून माणूस दुसरं कशाला उतरतो?

"काय, पाऊसपाणी बरं आहे का इकडं?" अण्णांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं कन्नडमध्ये बरंच काही सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. शेळ्या गेल्या.

मी मागून अक्काकडे बघत होते. ओठ सुकून पांढरे पडले होते. मणी मात्र त्याच चालीनं सरकत होते, ना घाई ना थांबणं. मला राहवेना. वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "अक्का, दिवस चाललाय. मी काढते परात."

"तू गप बस. ते येतील."

"कुठं?"

"गाडीत गं. आणि कुठं जातील?"

अण्णा आले. दार लावलं. चावीला हात घातला आणि तसेच बसले. त्यांचं लक्ष अक्काच्या हाताकडे गेलं असावं. उन्हाची तिरपी पट्टी नेमकी त्या माळेवर पडली होती आणि माळ धरलेली बोटं थरथरत होती. भुकेनं थरथरत होती. ते ती लपवत नव्हती आणि दाखवतही नव्हती.

अण्णांनी कानातलं बोंडूक ओढून काढलं आणि मांडीवर टाकलं.

"पद्मा."

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी तिला तिच्यासमोर नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. तिच्यामागे पद्मा, तिच्यापुढे 'अगं'.

"पद्मा, तुझ्या आजोळची वाट कुठली गं?"

अक्कानं डोळे उघडले. तिठ्याकडे नीट बघितलंही नाही.

"डावीकडची. पुढं कवठाचं झाड हाय, तिथनं उजवीकडं. मग शाळा, शाळेमागं बस्तीचं देऊळ, देवळाला लागून मांडव. गाडी हळू घ्या, झाडाच्या अलीकडं ओढा हाय."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. "तुला ठाऊक होतं?"

"मामाच्या बैलगाडीतनं दर सुट्टीला आलीया मी ह्या वाटेनं. चला आधी. दिवस कुणासाठी थांबायचा न्हाई."

गाडी डावीकडे वळली. अक्कानं माळ कमरेला खोचली आणि पहिल्यांदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत काय होतं म्हणाल, तर भर बाजारात आपण सांगितलेल्या भावात माल घेऊन निघालेली बाई असते ना, तसलं काहीतरी.

"शैला, काढ आता ती परात. त्यांच्या टोपीला आभाळ दिसू दे."

अण्णांचा पाय ब्रेकवर गेला, गाडीला हिसका बसला आणि परात माझ्या मांडीत आली. गाडी पुढे निघाली. ओढा ओलांडला. कवठाचं झाड आलं. आणि तेवढ्यात अण्णांच्या मांडीवरच्या बोंडकातून, मुंगी बोलावी तसा, बारीक गोड आवाज आला.

"काय म्हणतीया ती?" अक्कानं विचारलं.

अण्णांनी ते बोंडूक कानाशी नेलं. ऐकलं.

"उजवीकडं म्हणतीया," ते म्हणाले.

"मग बरोबर हाय तिचं."

आम्ही मांडवात शिरलो तेव्हा उन्हाचा शेवटचा तुकडा पत्रावळींवर होता. अक्काच्या आजोळच्या बायका धावल्या, तिला हाताला धरून पंगतीच्या टोकाला बसवलं. वाढपी वरण घेऊन तिच्यापर्यंत पोचायच्या आधी अण्णा स्वतः पोचले होते, भाताचं ताट हातात घेऊन. असं काही करताना त्यांना कुणी बघितलं नसावं, कारण चार-सहा बायकांनी तोंडाला पदर लावला. अक्कानं पहिला घास घेतला, पाणी प्याली आणि मग सावकाश, काही चुकवायचं नसल्यासारखी, जेवली.

मी शेजारी बसले होते. दिवस बुडाला तेव्हा तिचं ताट स्वच्छ झालं होतं.

"अक्का, गेल्या वर्षी पण वाट ठाऊक होती तुम्हाला?"

"व्हय."

"मग सांगितली का नाही? उपाशी राहिलात."

"सांगितली असती तर मी जेवले असते गं. त्यांच्या गळ्याखाली घास उतरला नसता. न विचारता सांगितलेलं त्यांना लागतं. लग्न झालं तेव्हापासनं बघतीया. म्हटलं, एक दिवसाचा उपास आपल्याला जड न्हाई."

"मग ह्या वर्षी काय झालं? त्यांना यंत्र सापडलं होतं. वेळेवर पोचलोच असतो की."

अक्कानं हात पुसले. "पानाच्या डब्याला आठवडाभर वास नव्हता पानाचा. मी हात लावत न्हाई, पण नाक तर हाय मला. आणि ऐकायचं यंत्र लावून माणूस गाडीतच बरा ऐकतो, घरात न्हाई, असं कुठं असतं? वायर टोपीखाली जाते हे दिसलंच, आणि पितळी डब्यात मुकं होतं ते परातीखाली बोलंल व्हय? मला कळलं तवा बरं वाटलं बघ. म्हटलं, विचारायला शिकले. म्हणजे विचारावं लागतं हे पटलंय." तिनं ताट बाजूला सरकवलं. "मग म्हटलं, ती बाई एवढी लांब आभाळात. मी हितं, हाताच्या अंतरावर. विचारायचंच, तर मला विचारायला काय झालं?"

"आणि नसतं विचारलं तर?"

"तर उपास."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मोठी परात घेतली असती," अक्का म्हणाली आणि दोन्ही हात टेकून उठली.

पुढच्या आठवड्यात अण्णा दुकानात आले. डबा बरोबर होता, पण त्यात पानं होती. मलाही एक विडा दिला. म्हणाले, "समोर बसव. मधोमध. दोघांना दिसेल असं."

समोरच्या काचेवरची तेवढी फिल्म मी पट्टी लावून कापून काढली, काच घासली, यंत्राचा पाय चिकटवला. गाडी उन्हात घेतली. पडद्यावर सिग्नलच्या कांड्या एकामागून एक उभ्या राहिल्या, शेवटचीसुद्धा. एवढं चोख काम त्या वर्षात मी दुसऱ्या कुणाचं केलं नाही.

"कानाचं यंत्र?" मी विचारलं.

"कान बरा झाला."

"औषध कुणाचं?"

"तू फार बोलतीस, शैला," अण्णा म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. टोपी मागच्या फळीवर होती, नुसती टोपी.

त्यानंतर अण्णा वाटा विचारायला लागले. आळीत सगळ्यांना नवल वाटलं. गाव असो, शेत असो, काच खाली करायचे आणि विचारायचे. वर सांगायचे, "यंत्र खरं बोलतंय की नाही, तपासून बघतो." मोजणी खात्यात एक माप दोनदा घ्यायची पद्धत असते म्हणे. असेल.

एकदा मिरजेच्या चौकात त्यांची गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली. माझ्याकडे लक्ष नव्हतं त्यांचं. यंत्र काचेवर झळकत होतं, त्याच्या पडद्यावरचा बाण उजवीकडे वळलेला मला माझ्या स्कूटरवरून दिसत होता. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. मग डावीकडे कलून काहीतरी म्हणाले. अक्काचे डोळे मिटलेले होते, माळ चालू होती. तिनं माळेतून एक बोट सोडवलं आणि डावीकडे केलं.

हिरवा दिवा लागला. गाडी डावीकडे वळली.

यंत्रातली बाई त्यावर काय म्हणाली, ते मला बाहेर ऐकू आलं नाही. पण सिग्नल पूर्ण होता. त्याची हमी मी आजही द्यायला तयार आहे.